पाटीवरचे टन आणि आपल्या गावचा रस्ता





गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. आपल्या एका गट कार्यालयात एक ज्येष्ठ सभासद तावातावाने आले. त्यांच्या शिवाराच्या वाटेवर ओढ्यावरचा जुना दगडी पूल आहे. त्या पुलाच्या दोन्ही तोंडांना लाल कड्याच्या गोल पाट्या लागल्या होत्या आणि पाटीवर आकडा होता १० टन. ट्रॅक्टरवाल्याने डबल ट्रॉली तिकडून न्यायला नकार दिला. दुसऱ्या वाटेने वळसा पडत होता नऊ किलोमीटरचा. तोवर मुकादमाने टोळी पुढच्या फडात हलवली आणि यांचा तोडलेला ऊस दीड दिवस बांधावर वाळत पडला.

"साहेब, चाळीस वर्षं ह्याच पुलावरनं ऊस गेलाय. आत्ताच पुलाला काय झालं? गाव आमचं, ऊस आमचा, कारखाना आमचा. मग अडवणारं कोण?"

प्रश्न रास्त होता. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हालाही धड उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी टायरगाड्या पाठवून त्यांचा ऊस उचलला, वेळ निभावली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्याचे उत्तर आम्हाला मिळाले ते घाटाखाली, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, जिथे आपल्यासारखा उसाचा एकही मळा दिसत नाही. म्हणून आज तिकडची हकीकत सांगून मग आपल्या रस्त्यांकडे वळू.

बोरघाट उतरल्यावर

आमचे साडू कर्जत तालुक्यात भातशेती करतात. पावसाळी भात तर आहेच, शिवाय भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून वीज करून सुटलेले पाणी राजनाल्याने येते, त्यावर उन्हाळी भातही होतो. त्यांच्याकडे कार्यासाठी गेलो होतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट उतरला, खोपोली गाठली आणि पळसदरीवरून कर्जतला लागलो.

हा बोरघाट म्हणजे देशावरचा माल कोकणात उतरवणारी जुनी वाट. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० साली तो गाडीरस्ता म्हणून खुला झाला. १८६३ साली शेजारून रेल्वे आली. पुढे द्रुतगती महामार्ग झाला आणि २००२ पासून तो पूर्णपणे वाहता आहे. जुना महामार्ग आणि द्रुतगती महामार्ग, दोन्ही खालापूर तालुक्यातूनच जातात. शिवाय शहापूर, मुरबाड, कर्जत, खोपोली, पाली, वाकण असा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५४८-अ आता नाशिककडची वाहतूक गोव्याच्या रस्त्याला जोडतो. घाटावरच्या कारखान्यांची निर्यातीची साखर जवाहरलाल नेहरू बंदराला जाते, तीही बहुतेक ह्याच तालुक्याच्या अंगावरून. खोपोलीच्या शिळफाट्यावर चहा घेताना साखरेच्या पोत्यांनी भरलेले ट्रक एकामागून एक उतरताना आम्ही स्वतः पाहिले. पाहून बरे वाटले. म्हटले, आपल्याच घामाची गोडी चालली आहे परदेशी.

साडूंच्या गावात पोचलो आणि चित्र बदलले. मुख्य रस्त्यापासून गावापर्यंतचा डांबरी रस्ता जेमतेम पावणेचार मीटर रुंद. एका बाजूला घरांच्या पडव्या, दुसऱ्या बाजूला शाळेचे कुंपण. त्या रस्त्याने खडीचे आणि मुरुमाचे डंपर चाललेले. कुठे घरे, कुठे गोदामे बांधली जात आहेत, त्यांचा हा माल. मोठ्या रस्त्यावर कोंडी झाली की तिथल्याही गाड्या आतल्या वाटेने घुसतात. डांबर चाकोरीत खचले होते, कडा तुटल्या होत्या, मोरीचा स्लॅब मधोमध चिरला होता. शाळा सुटली तेव्हा साडू स्वतः उठून रस्त्यावर उभे राहिले, पोरे पलीकडे जाईपर्यंत.

"तुमच्याकडं बरं, साडूबुवा," ते म्हणाले. "तुमच्याकडं ऊस पिकतो. आमच्याकडं डंपर पिकतात. रस्ता गावानं पंधरा वर्षं मागून मागून मिळवला आणि दोन पावसाळ्यांत गेला. ज्यांनी मोडला ते टॅक्स भरतो म्हणतात. आम्ही काय फुकट राहतो?"

आम्ही मान डोलावली. मग एकदम लक्षात आले, हेच वाक्य आपल्या कार्यक्षेत्रातला एखादा बिगर-सभासद, एखादा शाळामास्तर, एखादी म्हातारी आपल्या ट्रॉलीकडे बघून म्हणत असेल. तिथे आम्ही फिर्यादीच्या बाजूला बसलो होतो. इकडे आलो की आरोपीच्या पिंजऱ्यात आम्हीच.

एक गाव असेही

त्याच कर्जत तालुक्यात डोंगरावर माथेरान आहे. तिथे वजनाची मर्यादा विचारायचीच नाही, कारण मोटारीलाच बंदी. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. फक्त रुग्णवाहिकेसारखी निकडीची वाहने आत जातात. २००३ साली केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित केला. माणसे आणि माल जातो तो १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान छोट्या गाडीने, घोड्यावरून, हातगाडीवरून, नाहीतर माणसाने ओढलेल्या रिक्षातून.

ऐकायला छान वाटते. धूर नाही, भोंगा नाही, रस्त्यात मूल खेळत असले तरी धसका नाही. पण त्याचीही किंमत कुणीतरी मोजतोच. घरासाठी सिमेंटचे पोते हवे, तरी ते घोड्याच्या पाठीवर. म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायचे, तरी चढणीवर रिक्षा ओढणार माणूसच. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये प्रयोग म्हणून ई-रिक्षा आल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची पद्धत सहा महिन्यांत थांबवा, असा आदेश दिला.

माथेरानचा दाखला एवढ्यासाठी की, वाहन पूर्ण बंद करणे हा आपल्या कामाचा उपाय नाही. फडातला ऊस गव्हाणीत पडलाच पाहिजे. तो वेळेत नाही पडला तर वजन घटते, उतारा घटतो. आपल्याला शोधायची आहे ती मधली वाट, म्हणजे ज्या रस्त्याला जेवढे पेलते तेवढेच त्यावर घालायचे.

ही गोष्ट रेल्वेने केव्हाच शिकून घेतली आहे. मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत स्टेशनात गाडी थोडी जास्त थांबते. घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट. पुढच्या एका इंजिनाला तो पेलत नाही म्हणून अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. वडापाव खायला थांबतो आपण. रेल्वे थांबते ती वजनाचा हिशेब जुळवायला. "रोज जाते तशी आजही जाईल" असे म्हणून तिथे कुणी गाडी दामटत नाही.

रस्ता मोडतो कशाने?

आता मुख्य मुद्दा. थोडा हिशेबाचा आहे, पण काट्यावर उभे राहणाऱ्या माणसाला हिशेब नवा नाही.

रस्त्याला गाडीचे एकूण वजन कळत नाही. त्याला कळतो तो एकेका एक्सलचा, म्हणजे आपल्या गाडीच्या एकेका आसाचा भार. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवले आणि रस्ते कसे मोडतात ते मोजले. त्यातून जो नियम निघाला तो आजही जगभर रस्ते आखताना वापरतात, आपल्या देशातही वापरतात. नियम असा : आसावरचा भार वाढला तर रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घाताने वाढते.

चौथा घात म्हणजे काय? भार दुप्पट झाला तर झीज दुप्पट नाही, २ × २ × २ × २, म्हणजे १६ पट. भार फक्त २० टक्क्यांनी वाढला, १० टनांचे १२ टन झाले, तरी झीज दुपटीच्या वर जाते. दीडपट भार म्हणजे पाचपट झीज.

आपले वाहतूकदार बंधू इथे एक युक्तिवाद करतात आणि तो वरवर खरा वाटतो. "साहेब, जास्त भरलं तर खेपा कमी होतात. खेपा कमी, तर रस्ता कमी झिजणार की." हिशेब करून पाहू. सोपे राहावे म्हणून रिकाम्या गाडीचे वजन सोडून देऊ. समजा एका वाटेने, एका आसावर घालून, ४८ टन ऊस न्यायचा आहे. खेपेला ६ टन नेले तर ८ खेपा. ६ टनांच्या एका खेपेची झीज १ धरली, तर एकूण झीज ८. आता खेपेला ८ टन नेले तर खेपा ६ च झाल्या. पण प्रत्येक खेपेची झीज ३ च्या थोडी वर गेली. एकूण झीज जवळजवळ १९. म्हणजे दोन खेपांचे डिझेल वाचवायला रस्त्याचे आयुष्य निम्म्याहून खाली आणले.

उलट बाजूही पाहावी. आपल्या देशात रस्त्याची जाडी ठरवताना जो प्रमाण आस धरतात तो ८.१६ टनांचा. साध्या मोटारगाडीच्या आसावर अर्धा टन भार धरला, तर एका प्रमाण आसाइतकी झीज करायला तसे सुमारे सत्तर हजार आस जावे लागतील. म्हणून गावात मोटारसायकली, जीपगाड्या वाढल्या म्हणून रस्ता मोडला, हे म्हणणे खरे नाही. रस्ता मोडतो तो मोजक्याच, पण अति भरलेल्या गाड्यांनी.

दुसरा शत्रू पाणी. कर्जत-खालापूरला घाटावर वर्षात पडतो तेवढा पाऊस काही वेळा आठवड्यात पडतो. पाणी डांबराखाली शिरले की खालची माती लोण्यासारखी होते आणि मग कमी वजनही तिला सोसत नाही. आपण म्हणू, आपल्याकडे कुठे एवढा पाऊस? पाऊस नसेल, पण पाट आहेत. रस्त्याकडेची गटारे बुजवून आपण सरी रस्त्याला भिडवली आहे. उसाला पाणी दिले की निम्मे रस्त्याखाली मुरते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. अशा रस्त्यावर कार्तिकात भरलेली ट्रॉली घालायची आणि माघात खड्ड्यांबद्दल बांधकाम खात्याला शिव्या द्यायच्या, हे बरे नव्हे. ह्या कामी आपण सभासदच दोषी आहोत, हे स्पष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही.

पुलाचे गणित वेगळे

रस्ता हळूहळू मोडतो. पूल मात्र चाळीस वर्षे काही बोलत नाही आणि एक दिवस जातो. आमच्या त्या ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

आपल्या देशात पुलांचा भार ठरवण्याचे काम भारतीय रस्ते परिषद करते. तिची स्थापना १९३४ सालची आणि तिचे मूळ आपल्या बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीत आहे, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसते. ह्या परिषदेच्या नियमांप्रमाणे मोठे पूल 'अ' वर्गाच्या ५५ टनांच्या गाडीमाळेसाठी किंवा त्याहून जड, ७० टनांच्या साखळीच्या वाहनासाठी आखतात. पण गावओढ्यावरचा जुना दगडी कमानीचा पूल किंवा मोरी ही बैलगाडीच्या काळातली. तिच्यावरून चाळीस वर्षे ऊस गेला खरा, पण कशातून गेला? आधी बैलगाडी, मग टायरगाडी, मग एक ट्रॉली, मग अंगद, आता डबल ट्रॉली. पूल तोच राहिला, ओझे मात्र वाढत गेले. त्यात दरसाल पुराने पायाखालची वाळू उकरली, चुना झडला, पिंपळाने मुळ्या घातल्या. पूल म्हातारा होत गेला आणि आपण त्याच्या डोक्यावरची मोळी वाढवत गेलो.

रायगडच्याच महाडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. तो पूल जादा वजनाने नव्हे, पुराने पडला, हे खरे. पण आदल्या दिवसापर्यंत तो वाहतुकीखाली होता, हेही तितकेच खरे. बोरघाटाच्या वरच्या अंगाला मावळात कुंडमळ्याला १५ जून २०२५ रोजी इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार माणसे गेली, कित्येक जखमी झाली. तिथे ट्रक नव्हता, गर्दी माणसांची होती. धोक्याची सूचना होती, ती कुणी मनावर घेतली नाही. तेव्हा "काल गेले म्हणून आज जाईल" हा पुलाच्या बाबतीत पुरावा होऊ शकत नाही.

अडवणारा कोण? कायदा काय म्हणतो?

आता "अडवणारं कोण" ह्याचे उत्तर. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातली आपल्या कामाची कलमे थोडक्यात देतो.

कलम ११३ : नोंदणी पुस्तकात जे एकूण वजन लिहिले आहे, त्याहून जास्त वजन घालून कोणतेही मोटार वाहन किंवा ट्रेलर चालवता येत नाही. ट्रॉलीही यात आली. चालक आणि मालक वेगळे असतील, तर मालकाच्या माहितीने किंवा त्याच्या हुकुमाने जादा माल भरला, असे न्यायालय गृहीत धरू शकते. "ड्रायव्हरनं भरलं, मला काय माहीत" ही पळवाट पक्की नाही.

कलम ११४ : अधिकृत अधिकारी गाडी काट्यावर न्यायला सांगू शकतो आणि वजन जादा निघाले तर जादा माल उतरवायला लावू शकतो. उतरवलेल्या मालाची जोखीम गाडीवाल्याची.

कलम ११५ : सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी विशिष्ट रस्त्यावर विशिष्ट वाहनांना बंदी घालू शकतो किंवा मर्यादा ठरवू शकतो. ती राजपत्रात जाहीर करावी लागते. बंदी महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. दरवर्षी गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर १६ टन आणि त्यावरील वाहनांना काही दिवस बंदी असते, ती याच कलमाखाली.

कलम ११६ : अशा बंदीच्या पाट्या लावण्याचे अधिकार. लाल कड्याची गोल पाटी ही विनंती नसते, हुकूम असतो. त्रिकोणी पाटी सावध करते, गोल पाटी बांधून घालते. एवढे प्रत्येक ट्रॅक्टर ड्रायव्हरने पाठ करावे.

कलम १९४ : २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये अशी तरतूद आहे. म्हणजे ५ टन जादा निघाले तर ३०,००० रुपये. माल उतरवण्याचा खर्च वेगळा. गाडी थांबवून वजन करायला नकार दिला तर ४०,००० रुपये. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य सरकार ठरवते, पण मूळ तरतूद ही अशी आहे.

ट्रकांच्या बाबतीत एक गैरसमज दूर करावा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसाच्या भाराची मर्यादा वाढवली. मागच्या चार टायरांच्या एका आसाला १०.२ टनांऐवजी ११.५ टन झाले आणि दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेले. "आता सरकारनंच वाढवून दिलंय" असे काही जण म्हणतात. पण ही मर्यादा गाडीची आहे. गावच्या पुलाला ती लागू नाही. पुलावर १० टनांची पाटी असेल, तर कायदेशीर भरलेला १८ टनांचा ट्रकसुद्धा त्यावरून बेकायदेशीरच.

साडूंच्या गावाने काय केले, तेही सांगतो. आधी दोन-चार जणांनी डंपर अडवले, बाचाबाची झाली, उलट त्यांच्यावरच तक्रार गेली. मग शहाणपण सुचले. ग्रामसभेत ठराव केला. रस्ता जिल्हा परिषदेचा म्हणून तिच्या बांधकाम विभागाला, आणि बंदीचे अधिकार महसूल-पोलीस-परिवहन यंत्रणेकडे म्हणून जिल्हाधिकारी, पोलीस आणि आर.टी.ओ. यांना प्रती दिल्या. ठरावात नुसती ओरड नव्हती. चिरलेल्या मोरीचे फोटो, शाळेची वेळ आणि डंपरना जायला दुसरा कोणता रस्ता आहे त्याचा नकाशा जोडला होता. आम्ही गेलो तेव्हा निर्णय व्हायचा होता. पण शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी डंपर थांबवायला माल मागवणारे तयार झाले होते. साडू म्हणाले, "भांडून नाही झालं ते कागदानं निम्मं झालं."

आपल्या घरचा हिशेब

आता आपल्याकडे येऊ. वाहतूकदाराला पैसे मिळतात टनावर आणि अंतरावर. तेव्हा जादा भरण्याचा मोह त्याला होणारच, त्यात नवल नाही. पण तोडणी-वाहतूक खर्च शेवटी जातो कुणाच्या बिलातून? एफ.आर.पी.मधून तो वजा होतो, म्हणजे तुमच्याच. ट्रॉलीचा टायर फुटला, आस मोडला, वाट अडून मागे वीस गाड्या थांबल्या, तर काट्यावरची रांग वाढते आणि वाळतो तुमचा ऊस. रस्ता उखडला की पुढच्या हंगामात वाहतूकदार त्या शिवारात यायला नाखूष असतो आणि तोडीचा नंबर येऊनही फड उभा राहतो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जळते आपले आणि कळत नाही आपल्यालाच.

वळशाचा खर्च मोठा वाटतो, त्याचीही दुसरी बाजू आहे. आपल्याकडे वाहतूक खर्च सरासरीने सर्वांच्या बिलात पडतो. तेव्हा एका पुलापलीकडच्या थोड्या फडांसाठी नऊ किलोमीटरचा वळसा पडला, तर त्याचा भार सगळ्या सभासदांवर वाटला जातो आणि टनामागे तो थोडाच येतो. सहकार म्हणतात तो हाच. पूल पडला, तर मात्र वळसा एकट्या उसाला पडत नाही. दूध, शाळा, दवाखाना, सगळ्यांनाच पडतो, आणि तो एक हंगाम नव्हे, वर्षानुवर्षे.

येत्या हंगामापूर्वी आमच्या शेतकी विभागाची सभासदांना विनंती अशी :

१) ऊस नोंदीच्या वेळी फडापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट आणि वाटेतले पूल, मोऱ्या, पाट्या चिटबॉयला सांगाव्यात. जिथे पाटी आहे तिथे तोडीच्या कार्यक्रमातच टायरगाडी किंवा एकच ट्रॉली लावता येते. आयत्या वेळी कळले तर काहीच करता येत नाही.

२) ट्रॉलीच्या फळीच्या वर किती थर चढवायचे, ते टोळी ठरवते असे होऊ देऊ नये. शेतकरी स्वतः फडात उभा असेल तर बरेच टळते. काट्याची पावती पाहावी. मागच्या खेपेचे वजन जादा दिसले तर पुढच्या खेपेला मोळ्या कमी कराव्यात.

३) कमकुवत पुलावर एका वेळी एकच वाहन घालावे, तेही सावकाश. पुलाच्या मधोमध ब्रेक मारू नये. डबल ट्रॉली असेल तर एक सोडून, दोन फेऱ्यांत पार करावी. पाटीवरच्या आकड्यापेक्षा एक ट्रॉलीही जड होत असेल तर वळसाच घ्यावा.

४) वस्तीतल्या रस्त्याने शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी भरलेली गाडी नेऊ नये. रात्री ट्रॉलीला मागे लाल परावर्तक लावल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नये. गाणी जोरात लावून वस्तीतून जाऊ नये, तिथे आजारी माणूस असतो, अभ्यासाचे पोर असते.

५) रस्त्याकडेची गटारे ज्यांनी बुजवली असतील त्यांनी ती मोकळी करावीत. सरी आणि रस्ता यांत गटाराएवढी जागा सोडावी. एका सरीचा ऊस गेला तरी चालेल, रस्ता गेला तर सगळ्याच सऱ्यांचा ऊस अडकतो.

६) ज्या गावाचा पूल खरोखर धोक्यात आहे तिथे ग्रामसभेने ठराव करावा, पर्यायी वाट दाखवावी आणि एक प्रत गट कार्यालयात द्यावी. ऊस सोडून खडी-वाळूच्या गाड्याही जात असतील तर तेही लिहावे. पाच ब्रास खडी म्हणजे नुसत्या मालाचेच २० टनांच्या वर जाते, त्यात गाडीचे वजन वेगळे. पण दुसऱ्याच्या डंपरवर बोट ठेवण्याआधी आपली ट्रॉली काट्यावर आणावी, म्हणजे शब्दाला वजन राहते.

आणि पाटी दिसली की ती काढून ओढ्यात टाकण्याचा प्रकार दोन-तीन ठिकाणी झाल्याचे आमच्या कानावर आले आहे. पाटी काढल्याने पुलाची ताकद वाढत नाही. रात्री परगावचा ट्रकवाला बिचारा अंधारात त्याच पुलावर येतो, त्याला कोण सांगणार?

असो. ज्या ज्येष्ठ सभासदांपासून ही गोष्ट सुरू झाली, त्यांच्याकडे आम्ही परत आल्यावर गेलो आणि हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग आम्हाला घेऊन ते पुलाखाली उतरले. कमानीचा एक दगड खाली ओढ्यात पडलेला होता आणि त्याच्या जागी पारवळांनी घरटे केले होते. बराच वेळ त्यांनी वर पाहिले. म्हणाले, "माझ्या बापानं ह्या पुलाच्या कामावर दगड वाहिलेत. मला वाटायचं, ह्याला काय व्हायचंय." थोडे थांबून विचारले, "पुढच्या हंगामाला टायरगाड्या किती मिळतील, साहेब?"

त्यांच्या फडासाठी चार टायरगाड्यांची नोंद आम्ही करून ठेवली आहे. ज्यांच्या वाटेवर असा पूल असेल त्यांनी दसऱ्यापूर्वी आपापल्या गट कार्यालयात यावे, त्यांचीही नोंद करून घेऊ.

आपले नम्र,
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग